रेसिडेन्सीतील पहाटफेरी आणि रविवारचा नाश्ता

इंदूरच्या रेसिडेन्सी भागातील एका चर्चने आपल्या मंडळीसाठी आणि आसपासच्या रहिवाशांसाठी जो आरोग्य उपक्रम सुरू केला आहे, त्यात मी गेल्या हिवाळ्यापासून जाते. मी त्या मंडळीची सभासद नाही. माझ्यासारखी आणखीही काही मराठी कुटुंबे केवळ शेजारी म्हणून येतात आणि त्यांना कोणी परके मानत नाही. शुल्क काहीही नाही. या उपक्रमाकडे लोक येतात ते चालण्यासाठी, पण त्याचे खरे काम चालण्याच्या रस्त्यावर नव्हे, तर रविवारच्या उपासनेनंतर मांडल्या जाणाऱ्या नाश्त्याच्या टेबलावर होते, असे माझे मत झाले आहे.

आधी चालण्याविषयी. आठवड्यातून पाच दिवस सकाळी चर्चच्या आवारातून निघायचे, व्हाइट चर्च चौराह्यावरून रेसिडेन्सीच्या झाडांखालच्या रस्त्यांना लागायचे आणि सुमारे तीन किलोमीटरची फेरी करून परतायचे, असा क्रम आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. पाच फेऱ्यांत तेवढा सहज होतो. जलद आणि संथ अशा दोन तुकड्या आहेत. जलद तुकडीचा वेग ठरवण्याची पद्धत मला फार आवडली: चालताना बोलता आले पाहिजे, पण गाता येता कामा नये. हा निकष डॉक्टरही सांगतात. येथे मात्र गायकवृंदातील एक काका मधूनच भजनाचे कडवे सुरू करतात आणि ज्याला ते शेवटपर्यंत साथ देता येते, त्याला पुढे पिटाळतात.

एकट्याने चालणारा माणूस आठवडाभरात ढिला पडतो, येथे तसे होत नाही, कारण दुसऱ्या दिवशी कोणीतरी फाटकातच विचारते, “ताई, काल दिसला नाहीत? बरे आहे ना?” सामूहिक चालण्याविषयीच्या ४२ अभ्यासांचा एक एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात रक्तदाब, विश्रांतीच्या वेळची नाडी आणि शरीरातील चरबी यांत सुधारणा दिसली होती आणि गट सोडून जाणाऱ्यांचे प्रमाणही कमी होते. आमच्या फाटकावरची ही चौकशी पाहिली की त्यात नवल वाटत नाही.

तथापि वजनाचा हिशेब निराळा आहे. पासष्ट किलोच्या माणसाला तीन किलोमीटर चालून साधारण दीडशे किलोकॅलरी खर्च करता येतात, आणि दोन जिलब्या ती कमाई बसल्या जागी परत करतात. इंदुरात राहून हे गणित विसरणे फार सोपे आहे, कारण येथे सकाळ पोहे-जिलबीने उजाडते आणि रात्र सराफ्याच्या खाऊगल्लीत संपते. पूर्वी उपासनेनंतर बाहेरून कचोऱ्या, जिलब्या आणि साखर घालूनच उकळलेला चहा येत असे. कोणालाही ‘कमी खा’ असा उपदेश न करता स्त्रीमंडळाने तो नाश्ताच बदलला, यातच त्यांची हुशारी आहे.

पोहे त्यांनी बंद केले नाहीत. इंदुरी पोहे वाफेवर ठेवलेले असल्यामुळे त्यात तेल बेताचेच असते. घात करते ती वरची सेव आणि शेजारची जिलबी. म्हणून पोह्यांत मटार आणि मोड आलेली मटकी वाढवली आहे, वर कांदा, कोथिंबीर आणि डाळिंबाचे दाणे असतात, आणि सेवेचा डबा एका काकूंच्या ताब्यात असतो. त्या चहाच्या चमच्याने सेव घालतात, एकदाच. “काकू, आणखी थोडी,” असे कोणी म्हटले की उत्तर ठरलेले असते: “काल सराफ्यात खाल्लीत ना, तीच समजा.” पोह्यांवरचा जीरावण मसालाही त्या स्वतःच भुरभुरवतात, कारण त्यात मीठ पुष्कळ असते आणि दिवसाचे एकूण मीठ पाच ग्रॅमच्या आत असावे, हे त्यांनी पाठ केले आहे. चहा बिनसाखरेचा, साखर वेगळ्या वाटीत. चव उत्तम आहे; पोहे मात्र शेवटच्या रांगेपर्यंत कधीकधी गार होतात.

महिन्यातून एकदा होणाऱ्या प्रीतिभोजनात, म्हणजे मंडळीच्या एकत्र जेवणात, हा विचार अजून नीट उतरलेला नाही. ज्वारीची भाकरी, दोन भाज्या, काकडी आणि कोंबडीचा पातळ रस्सा असा बेत चांगला असतो, पण घरून आणलेल्या गोडाला ‘नाही’ म्हणण्याचे धैर्य कोणातच नाही, आणि ते अपेक्षित ठेवणेही कदाचित अन्यायाचे ठरेल.

उपक्रमाचा आरंभ पाळकसाहेबांनी बायबलमधील दानीएलाच्या पुस्तकातील पहिल्या अध्यायावर बोलून केला होता. कॅलिफोर्नियातील सॅडलबॅक चर्चनेही २०११ मध्ये याच आधारावर आपली आरोग्य मोहीम उभारली होती. गंमत अशी की, दहा दिवस भाजीपाला आणि पाण्यावर राहिलेले दानीएल आणि त्याचे तरुण सोबती त्या मुदतीच्या शेवटी बारीक झालेले नसून इतरांपेक्षा अधिक भरलेले दिसतात. राजाच्या पंगतीचे अन्न नाकारणे हा तेथील विषय आहे, वजन नव्हे.

आणि वजनाच्याच बाबतीत माझी तक्रार आहे. महिन्याच्या पहिल्या शनिवारी सर्वांचे वजन आणि कमरेचा घेर मोजतात. भारतीयांसाठी शरीर वस्तुमान निर्देशांकाची (बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन) मर्यादा २३ आणि कमरेची मर्यादा पुरुषांना ९० व स्त्रियांना ८० सेंटिमीटर धरली जाते, हे संयोजकांनी समजावून सांगितले, ते योग्यच झाले. परंतु आकडे सर्वांसमोर मोठ्याने सांगितले जातात आणि सर्वाधिक उतरलेल्यासाठी टाळ्या वाजतात. दोन बायका त्यानंतर चालायला येईनाशा झाल्या. ज्या फाटकावरची चौकशी माणसाला टिकवते, तेथेच काट्याची जाहीर वाचनसभा त्याला पळवते. नोंद खासगी वहीत ठेवावी, असे मी सुचवले आहे. अद्याप बदल झालेला नाही.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. उपवासकाळात काही जण रिकाम्या पोटी फेरीला येतात. मधुमेहावर इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या घेणाऱ्यांची साखर अशा वेळी एकदम उतरू शकते. एका आजोबांना घेरी आली तेव्हा गटात कोणाच्याही खिशात ग्लुकोज किंवा साखरेची पुडी नव्हती. आता संयोजकांची पिशवी असते, तरी अशा रुग्णांची आधी विचारपूस करून त्यांना डॉक्टरांशी बोलायला सांगण्याची पद्धत अजून नाही.

नव्याने येणाऱ्यांनी शक्यतो नाताळानंतर नाव द्यावे, कारण डिसेंबरात करंज्या-चकल्यांच्या डब्यांपुढे सेवेच्या चमच्याचेही काही चालत नाही आणि पहाटे अंधारात चौराह्यावरची वाहने नीट दिसत नाहीत. गुडघे दुखत असतील तर संथ तुकडीच निवडावी. जुने बूट चालतात, चप्पल घालून आलेल्यांना मात्र फाटकातूनच परत पाठवतात.