त्या लाल ओळी माझ्याच होत्या

दोन दिवस नेट रडतखडत चाललं होतं. केबलवाला फोन उचलेना. मग जे कुणीही करू नये ते मी केलं. कंपनीचं नाव आणि पुढे ‘कस्टमर केअर’ असं गुगलवर टाकलं आणि सगळ्यात वर दिसलेला नंबर लावला. पहिल्याच रिंगला माणूस हजर! पाल इथेच चुकचुकायला हवी होती. पण तो स्वच्छ मराठीत, ‘ताई, ताई’ करत बोलत होता. हिंदीत बोलला असता तर कदाचित सावध झाले असते.

माझं ऐकून घेऊन तो म्हणाला, “ताई, नेट स्लो नाहीये. तुमच्या राउटरवर दुसरंच कुणीतरी लॉगिन करतंय. माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतःच्या डोळ्यांनी बघा.”

या शेवटच्या वाक्याला मी भुलले.

मोबाईल स्पीकरवर ठेवून त्याने ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा राउटरचा पत्ता टाकायला लावला. युजरनेम ॲडमिन, पासवर्ड ॲडमिन. चुकला. “परत टाका.” परत चुकला. “आता राउटर उलटा करा, खाली स्टिकर असेल.” टीव्हीमागची धूळ झटकत, चष्मा वर-खाली करत स्टिकरवरचा पासवर्ड वाचला आणि आत गेले. मग सिस्टिम लॉग, म्हणजे राउटरची नोंदवही. त्या यादीत दोन लाल ओळी होत्या. ‘लॉगिन फेल्ड’, आणि पुढे १९२.१६८.१.५ असा आकडा.

“दिसलं? दोन वेळा प्रयत्न झालाय. हा १९२ म्हणजे बाहेरच्या देशाचा कोड.”

तारीख होती १ जानेवारी १९७०. माझा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. मी विचारलं, तर म्हणाला, “हॅकर तारीख पुसतात ना, ताई.” मला पटलं! आता लिहितानाही लाज वाटते.

पुढचं नेहमीचंच. ‘राउटर साफ करण्यासाठी’ स्क्रीन शेअर करणारं ॲप घ्यायला लावलं, त्यातला नंबर विचारून घेतला, परवानगीच्या चौकटी आल्या तशा मी दाबत गेले. नोंदणीचे पाच रुपये म्हणून एका फॉर्मवर डेबिट कार्डाचा नंबर, तारीख, मागचे तीन आकडे, सगळं भरलं. मग त्याने सांगितलं, “आता स्कॅन सुरू होतोय. मोबाईल पालथा ठेवा, दहा मिनिटं हात लावू नका, नाहीतर राउटर कायमचा लॉक होईल.”

मी खरंच मोबाईल टेबलावर पालथा ठेवला आणि समोर बसून राहिले. तो चार वेळा थरथरला. दोन ओटीपी आणि पैसे गेल्याचे दोन मेसेज, हे नंतर कळलं. पडदा मला दिसत नव्हता, त्याला मात्र सगळं दिसत होतं. २४,९९९ आणि १३,५०० रुपये गेले. माझी मुलगी क्लासवरून आली, “आई, फोन असा का ठेवलायस?” म्हणत तिने तो उचलला, म्हणून दोनवरच थांबलं.

तिने आधी फोन बंद केला, मग तिच्या मोबाईलवरून १९३० लावला. ही केंद्र सरकारची सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. पैसे पुढच्या खात्यातून निघून जायच्या आत तक्रार पोचली तर रक्कम अडवता येते. माझे १३,५०० असे अडकले आहेत, हातात अजून आलेले नाहीत. पहिली रक्कम गेलीच. बँकेचं म्हणणं, कार्डाची माहिती तुम्हीच भरलीत, स्क्रीन तुम्हीच दाखवलीत. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये तसं परिपत्रक काढलं होतं. ग्राहकाच्या चुकीने पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. मी रडत बसले होते, लिहून ठेवलं ते मुलीने.

रविवारी भाचा आला. तो नेटवर्किंगचंच काम करतो. त्याने तोच लॉग उघडला आणि हसायलाच लागला. “मावशी, १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा घरातलाच असतो, बाहेरचा नाही. हा पाच नंबर म्हणजे तुझा मोबाईल.” त्या माणसाने मला दोनदा चुकीचा पासवर्ड टाकायला लावला, त्याच्याच त्या दोन ओळी! आणि १९७०? राउटर बंद करून चालू केला आणि त्याला इंटरनेटवरून वेळ मिळाली नाही, की बऱ्याच राउटरचं घड्याळ तिथूनच सुरू होतं. म्हणजे त्याने मला खोटं काहीच दाखवलं नव्हतं. लॉग खराच होता, वाचून मात्र तो दाखवत होता.

बाहेरून खरे प्रयत्न होतातच, असंही भाचा म्हणाला. इंटरनेटवर दारं ठोठावत फिरणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात. २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या अशाच एका प्रोग्रॅमने फक्त कंपनीचे साठेक ठरलेले युजरनेम-पासवर्ड वापरून लाखो राउटर आणि कॅमेरे ताब्यात घेतले होते. त्यामुळे त्याने आधी रिमोट मॅनेजमेंट, म्हणजे बाहेरून राउटर चालवायची सोय, बंद आहे ना ते पाहिलं, मग स्टिकरवरचा ॲडमिन पासवर्ड बदलला. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि हा वेगळा, हे मला त्या दिवशी कळलं. डीएनएसचे, म्हणजे वेबसाइटचा पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरचे, आकडे कुणी बदललेत का तेही बघितलं. जोडलेल्या उपकरणांच्या यादीत एक अनोळखी मोबाईल निघाला. तो शेजारच्या पोराचा. दिवाळीत मीच त्याला पासवर्ड दिला होता.

या सगळ्याला वीस मिनिटं लागली. ना कुठलं ॲप, ना पाच रुपये.

नेट स्लो होतं ते गल्लीच्या तोंडाशी गटाराच्या खोदकामात केबल दबली होती म्हणून. केबलवाल्याने सोमवारी येऊन जोडून दिली. त्याच दुपारी एका नव्या नंबरवरून फोन आला, “ताई, तुमचा स्कॅन अर्धवट राहिलाय.”