‘द नेम ऑफ द रोज’ की ‘सिटी ऑफ ग्लास’: आधी कोणती?

रहस्यकथा आवडीने वाचणाऱ्या माणसाला कधीतरी वाटतं की या प्रकाराशीच खेळणारी एखादी उत्तराधुनिक, म्हणजे गोष्ट सांगण्याचे ठरलेले नियमच उलटून बघणारी, कादंबरी वाचून बघावी. मग दोन नावं पुढे येतात: इटालियन लेखक उंबेर्तो इको यांची ‘द नेम ऑफ द रोज’ (१९८०) आणि अमेरिकी लेखक पॉल ऑस्टर यांची ‘सिटी ऑफ ग्लास’ (१९८५). दोन्ही पहिल्या कादंबऱ्या. ऑस्टर यांनी १९८२ साली टोपणनावाने एक सरळ गुप्तहेरकथा छापली होती, पण स्वतःच्या नावावरची पहिली कादंबरी हीच. दोन्ही वाचायच्याच आहेत, प्रश्न फक्त आधी कोणती एवढाच. तो सोडवताना मी एकच गोष्ट विचारते: तुम्हाला काय जास्त सोसेल, आत शिरतानाचे कष्ट की हाती उत्तर न घेता बाहेर पडणं?

इकोंच्या कादंबरीत शिरणं कठीण आहे. काळ १३२७ सालच्या नोव्हेंबरचा, जागा उत्तर इटलीतला डोंगरावरचा एक मठ. सात दिवसांची गोष्ट आहे आणि प्रत्येक दिवसाचे भाग प्रार्थनेच्या वेळांनुसार पाडलेले आहेत. पोप आणि सम्राट यांचं भांडण, ख्रिस्ताकडे स्वतःची मालमत्ता होती की नव्हती हा वाद, पाखंडी पंथांची नावं, मधूनमधून लॅटिन, हे सगळं सुरुवातीलाच अंगावर येतं. पहिली शंभर पानं कमी करा असं त्यांना सुचवण्यात आलं होतं. त्यांनी नकार दिला. मठात राहायचं तर मठाची लय अंगवळणी पाडावी लागते, असं त्यांचं म्हणणं. ते मला पूर्ण पटतं, कारण त्या शंभर पानांनंतर आपण खरोखरच तिथल्या थंडीत वावरू लागतो.

आणि तोवर रहस्यकथेचा वाचक उपाशीही राहत नाही. मठाकडे चढत असताना विल्यम ऑफ बास्करव्हिल या फ्रान्सिस्कन साधूला शोधाशोध करणारी मंडळी भेटतात. त्यांनी घोड्याचा विषय काढण्याआधीच तो सांगतो, तुमचा घोडा या वाटेने गेलाय, त्याचं नाव ब्रुनेलस. घोडा त्याने पाहिलेलाच नसतो. बर्फातले खुरांचे ठसे, विशिष्ट उंचीवर मोडलेल्या काटक्या, काटेरी झुडपात अडकलेले काळे केस, एवढ्यावर त्याने ताडलेलं असतं. शेरलॉक होम्सच्या वाचकाला इथे घरी आल्यासारखं वाटतं, आणि ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ या होम्सच्या कादंबरीची आठवण देणारं बास्करव्हिल हे नाव त्यासाठीच तर आहे. पुढे डुकराच्या रक्ताने भरलेल्या रांजणात एका साधूचं प्रेत उलटं सापडतं. चक्रव्यूहासारखं ग्रंथालय आहे, एक निषिद्ध पुस्तक आहे, आणि शेवटी खुनी कोण हे स्पष्ट कळतं. इकोंचा खेळ वेगळ्याच ठिकाणी आहे. विल्यमने बांधलेला तर्क आणि प्रत्यक्षात घडलेलं यांचा सांधा कसा जुळला हे उलगडतं, तेव्हा आपण होम्सवर इतकी वर्षं ठेवलेला विश्वास हलतो.

‘सिटी ऑफ ग्लास’ याच्या नेमकी उलट. पहिल्या पानापासून ती धावते. रात्री फोन वाजतो, समोरच्याला पॉल ऑस्टर नावाचा खासगी गुप्तहेर हवा असतो. नंबर चुकलेला. उचलणारा डॅनियल क्विन हा टोपणनावाने रहस्यकथा लिहिणारा एकटा माणूस. पुन्हा फोन येतो तेव्हा तो सांगतो, हो, मीच ऑस्टर. वाक्यं साधी, शब्दकोश लागत नाही, साधारण दीडशे पानांत पुस्तक संपतं.

ग्रँड सेंट्रल स्टेशनवरचा प्रसंग मी कितीदा वाचला असेन. जुना फोटो हातात घेऊन क्विन ज्याच्यावर पाळत ठेवायची त्या म्हाताऱ्याची वाट बघतोय. गाडी येते, गर्दी उतरते, कळकट कपड्यांतला तो म्हातारा दिसतो. आणि त्याच्या मागेच त्याच चेहऱ्याचा दुसरा माणूस, पण उंची कपड्यांतला, सुखवस्तू. पाठलाग कुणाचा करायचा? क्विन आधी दुसऱ्याच्या मागे निघतो, मग वळून पहिल्याच्या मागे जातो. बरोबर केलं की चूक, हे ठरवण्याचं कोणतंही साधन त्याच्याकडे नाही, आपल्याकडेही नाही. इतर रहस्यकथांत अशी गाठ शेवटी सुटते. इथे सुटत नाही. उलट, क्विन लाल वहीत नोंदी करत जातो तसतसा तोच विरघळत जातो. शेवटच्या पानाशी रिकामं वाटतं, आणि ते रिकामपण खूप दिवस पुरतं.

म्हणून माझा कौल असा: रहस्यकथेवर मनापासून प्रेम असेल, पण असे प्रयोग आजवर वाचले नसतील, तर आधी इको. उत्तर मिळण्याचा शब्द तिथे पाळला जातो. ऑस्टर आधी वाचून ‘फसवलं’ म्हणत पुस्तक मिटणारे वाचक मी पाहिलेत, आणि त्यांचा राग मला समजतो. कविता किंवा नवकथा वाचायची सवय असेल, किंवा हाताशी एकच रविवार असेल, तर मात्र खुशाल ऑस्टर घ्या. ‘द नेम ऑफ द रोज’वरचा शॉन कॉनरीचा १९८६ चा चित्रपट पाहिला असेल तरीही ऑस्टरच आधी, कारण मठातला खुनी तुम्हाला ठाऊक झालाय. ‘सिटी ऑफ ग्लास’ बहुधा ‘न्यूयॉर्क ट्रिलॉजी’ या एकत्रित पुस्तकात मिळते. त्यातल्या पुढच्या दोन कादंबऱ्यांआधी आठवडाभर थांबा.

इकोंसाठी विल्यम वीव्हर यांचा इंग्रजी अनुवाद घ्या. त्यात मठाचा नकाशा आहे, त्या पानात खूण घालून ठेवा. पहिले दोन दिवस संपेपर्यंत तिथे सारखं परतावं लागतं.