मराठा पलटणीची म्हणून विकलेली रायफल

ऑन्टॅरिओमध्ये राहून जुन्या ब्रिटिश लष्करी रायफली जमवणाऱ्या, किंवा परवाना काढून पहिलीच रायफल घ्यायला निघालेल्या मराठी माणसांसाठी हे लिहीत आहे, कारण मला जी रायफल विकण्यात आली ती मराठी गिऱ्हाईक डोळ्यांपुढे ठेवूनच सजवलेली होती. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात १९४२ साली बनलेली ली-एनफिल्ड नंबर १ मार्क ३ स्टार, पुढचे लाकूड शिकारीसाठी कापलेले, नळी मूळ लांबीची, बोल्ट (काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा सरकता भाग) आणि बॉडी (नळी व बोल्ट जिच्यात बसतात तो लोखंडी भाग) यांचे क्रमांक जुळणारे आणि दस्त्यावर, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडावर, पलटणीची पितळी चकती, असे तिचे वर्णन होते. माझे आडनाव कळताच विक्रेत्याने पुढची माहिती पुरवली: ही रायफल पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनची असून इटलीच्या मोहिमेतून आली आहे. माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात याच बटालियनमध्ये लढताना प्राण दिले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हे नाव विक्रेत्याने अचूक घेतले, तारीखही अचूक सांगितली. खोटे होते ते फक्त रायफलीविषयीचे.

अशा कापलेल्या रायफलीला इथे स्पोर्टर म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराला नको झालेल्या ली-एनफिल्ड रायफली उत्तर अमेरिकेत अगदी स्वस्तात विकल्या गेल्या. हरीण आणि मूस यांच्या शिकारीला निघणाऱ्या माणसाला संगीन अडकवायचे तोंड नको होते आणि नळीवरचे पूर्ण लांबीचे लाकडी आवरणही नको होते, म्हणून ते काढून वजन कमी केले गेले. यात लबाडी काहीच नाही. लबाडी सुरू होते ती अशी रायफल पुन्हा मूळ रूपात आणता येईल असे सांगून तिची किंमत वाढवली जाते तेव्हा. नळी शाबूत असेल तर लाकूड, पट्टे आणि पुढची लोखंडी टोपी मिळवून काम होते, पण नळी कापलेली असेल तर दुसरी नळी बसवल्याशिवाय जीर्णोद्धार शक्य नाही, आणि तो खर्च बहुधा रायफलीच्या किमतीपेक्षा जास्त येतो. मी साडेआठशे कॅनेडियन डॉलर मोजले. साध्या स्पोर्टरला इथे त्याच्या निम्मेही कोणी देत नाही.

एक गोष्ट मुद्दाम नोंदवावीशी वाटते. १८ मे २०२२ पासून कॅनडात साधी शिकारी रायफल विकतानाही विक्रेत्याला खरेदीदाराच्या परवान्याची सरकारी पडताळणी करून संदर्भ क्रमांक घ्यावा लागतो. या विक्रेत्याने तो क्रमांक मला अशा थाटात पाठवला की जणू सरकारनेच रायफल तपासून पास केली आहे. पडताळणी फक्त माझ्या परवान्याची झालेली असते. रायफल कोणत्या सालातील आहे, तिची नळी किती इंचांची आहे, तिचा बोल्ट कोणाचा आहे, याच्याशी त्या क्रमांकाचा काडीचाही संबंध नसतो. नवख्या माणसाला मात्र त्यामुळे फार धीर येतो, आणि विक्रेत्यांना ते चांगले ठाऊक असते.

रायफल हाती आल्यावर मी ती तपासणीसाठी एका अनुभवी गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे, नेली. ली-एनफिल्ड त्यांनी आयुष्यभर हाताळलेली आहे. त्यांनी आधी चकतीवर बोट ठेवले. पहिल्या महायुद्धाआधीच्या दस्त्यांवर पलटणीची खूण, महिना, साल आणि क्रमांक अक्षरांचे पंच हातोडीने ठोकून उमटवलेले असतात. त्यामुळे एखादे अक्षर खोल जाते, एखादे तिरके बसते, ओळ थोडी चढते. माझ्या चकतीवरची सगळी अक्षरे सारख्याच खोलीची होती आणि भिंगातून पाहिल्यावर त्यांच्या तळाशी यंत्राच्या टोकाची सरळ, चकचकीत रेघ दिसत होती. वरून मात्र पितळ काळवंडवलेले होते. चकती उचलल्यावर खालचे लाकूड ताजे, फिकट निघाले, त्यात तेल मुरलेले नव्हते, आणि जुना वाटणारा स्क्रू केवळ शोभेचा असून चकती इपॉक्सीने चिकटवलेली होती. शिवाय युद्धकाळात काम वाचवण्यासाठी ब्रिटिशांनी १९१६च्या सुमारासच ही चकती लावणे बंद केले होते, हे विक्रेत्याला माहीत नसावे किंवा मला माहीत नसेल असे त्याने गृहीत धरले असावे. दस्त्याच्या टोकावरच्या पत्र्याचा, म्हणजे बटप्लेटचा, खालचा स्क्रू चौकोनी खाचेचा, म्हणजे कॅनडात कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा रॉबर्टसन होता, पण तो मी फसवणुकीत धरत नाही. पूर्वीच्या एखाद्या शिकाऱ्याने हाताशी होता तो बसवला असेल.

खरा पुरावा दस्ता बॉडीला जिथे जोडला जातो तिथल्या लोखंडावर, उजव्या बाजूला होता. इथे मुकुट, राजाची अक्षरे, कारखान्याचे नाव, साल आणि मार्क कोरलेला असतो. विक्रेत्याच्या म्हणण्याप्रमाणे हा मजकूर ‘वापराने झिजला’ होता. झीज कडांपासून सुरू होते आणि सपाट जागा शेवटी गुळगुळीत होते. इथे कडा शाबूत होत्या आणि मधल्या जागी बोटाला जाणवेल असा उथळ खळगा होता, म्हणजे कोणीतरी चाकावर धरून तो मजकूर घासला होता. दिवा अगदी तिरका धरल्यावर आर.एफ.आय. (रायफल फॅक्टरी इशापूर) ही तीन अक्षरे आणि त्यांच्याखाली १, ९, ५ हे आकडे पुसटसे दिसले. शेवटचा आकडा गेलेला होता. लाकूड काढल्यावर नळीच्या जाड भागावर अशोकस्तंभाच्या सिंहांचा शिक्का सापडला. नळी नंतर बदललेली असू शकते, म्हणून एकट्या सिंहांवरून काही ठरत नाही, पण घासलेल्या जागेतील आकडे आणि सिंह यांचा मेळ बसल्यावर शंकेला जागा उरली नाही. रायफल स्वतंत्र भारताच्या इशापूर कारखान्याची होती. ती जन्मण्यापूर्वीच इटलीचे युद्ध संपले होते. मला विचाराल तर १९५०च्या दशकातील इशापूरची रायफलही जमवण्याजोगी आहे, आणि तसे सांगून विकली असती तर मी ती आनंदाने, योग्य किमतीत घेतली असती.

नळीचे मोजमाप सोपे आहे. रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट बंद करायचा, नळीच्या तोंडातून लाकडी काठी बोल्टच्या तोंडाला टेकेपर्यंत सरकवायची, तोंडाशी खूण करायची आणि काठी काढून मोजायची. ही लांबी २५.२ इंच भरायला हवी. माझी साडेबावीस भरली. कापलेल्या टोकावर फोरसाइटचा, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या माशीचा, ठोकळा मागे सरकवून बसवलेला होता, आणि जाहिरातीतील प्रत्येक छायाचित्र नेमके त्याच्या अलीकडे संपत होते.

बोल्टची गोष्ट मात्र नुसत्या पैशांची नाही. ली-एनफिल्डचा बोल्ट ज्या त्या बॉडीला जुळवून बसवलेला असतो, म्हणून बॉडीवरचा क्रमांक बोल्टच्या मुठीच्या मुळाशी पुन्हा ठोकतात. माझ्या बोल्टवर क्रमांक होता आणि तो जुळतही होता, पण त्याच्याभोवतीचा पृष्ठभाग आधी घासून सपाट केलेला होता आणि आकड्यांची धाटणी बॉडीवरच्या आकड्यांहून वेगळी होती. .३०३ काडतुसाला बुडाशी कड असते आणि बोल्टचे तोंड व नळीचा मागचा भाग यांच्यामध्ये त्या कडेपुरतीच जागा असावी लागते. लष्करी मापाने ती किमान ०.०६४ आणि कमाल ०.०७४ इंच असते. गनस्मिथनी ०.०७४चे मापक ठेवून बोल्ट ओढला तर तो विनासायास बंद झाला, याचा अर्थ जागा मर्यादेबाहेर गेलेली होती. अशा रायफलीत काडतुसाचे पितळ फाटून तापलेला वायू नेम धरणाऱ्याच्या तोंडाकडे येऊ शकतो. नंतरच्या नंबर ४ रायफलीत बोल्टचे पुढचे डोके ० ते ३ अशा क्रमांकांत मिळते आणि मोठ्या क्रमांकाचे डोके बसवून हा दोष बहुधा सुधारता येतो. नंबर १ला ती सोय नाही, डोकी एकेक लावून पाहावी लागतात. जुन्या पलटणीचे खोटे नाव सांगणे एक वेळ समजू शकते, पण जुळत नसलेल्या बोल्टवर जुळणारा क्रमांक ठोकणे हा दुसऱ्याच्या डोळ्यांशी केलेला खेळ आहे.

विक्रेत्याने आधी ‘आहे तशी विकली’ एवढेच उत्तर दिले. गनस्मिथचा लेखी अहवाल जोडून स्मॉल क्लेम्स कोर्टात जात असल्याची नोटीस पाठवल्यावर त्याने रायफल परत घेऊन पैसे दिले. तपासणीचा आणि पाठवणीचा खर्च माझ्याकडेच राहिला.

अशी रायफल घेण्याआधी दस्त्याजवळचा उजवा भाग तिरक्या उजेडात, बोल्टच्या मुठीचे मूळ, बॉडीवरचा क्रमांक आणि नळीचे तोंड यांची जवळून काढलेली छायाचित्रे मागवा, काठीने मोजलेली लांबी टेपसह दाखवायला सांगा, आणि गोळी झाडण्याचा विचार असेल तर मापकाची तपासणी विक्रीपूर्वीच करून घ्या. टाळाटाळ करणाऱ्याशी पुढे बोलूच नका. काही आठवड्यांनी तीच रायफल पुन्हा विक्रीला आलेली मी पाहिली. किंमत थोडी वाढलेली आहे, चकतीवर आता शीख रेजिमेंटचे नाव आहे, आणि बोल्टवरच्या क्रमांकातला शेवटचा ४ उजवीकडे कललेला आहे, त्यावरून ती ओळखता येईल.