तेरास गौदा : आंबटपणा ताटात नाही, पेल्यात

आई वेंगुर्ल्याहून पहिल्यांदा विगोला, स्पेनच्या गालिसिया प्रांतातल्या माझ्या शहरात आली, त्या रविवारी मी शिनाणे उकडले. पातेल्यात थोडं पाणी, इथलं एक तमालपत्र आणि वर झाकण. शिंपले उघडले की गॅस बंद. गालिसियातली पद्धत एवढीच. आईने एक खाल्ला, दुसरा खाल्ला आणि विचारलं, "गो, ह्यात सोलां घालूंक नाय काय?"

तिचा प्रश्न रास्त होता. आमच्याकडे मासळी आणि आंबट यांची फारकत होत नाही. सोलं म्हणजे कोकम, चिंच, कैरी, काहीतरी लागतंच. इथे मात्र ताज्या मासळीवर लिंबू पिळलेलंही अनेकांना खपत नाही. मग तो आंबटपणा जातो कुठे? माझ्या मते तो पेल्यात असतो. आई वाइन घेत नाही, म्हणून तिला लिंबू चिरून दिलं. मी मात्र माझ्यासाठी तेरास गौदा ही इथली पांढरी वाइन ओतली.

ही वाइन ओ रोसालची. रीआस बाइशास या 1988 साली मान्यता मिळालेल्या वाइनप्रदेशाच्या पाच उपविभागांपैकी हा अगदी दक्षिणेकडचा. विगोहून तासाभराचा रस्ता. आ गार्दा गावाजवळच्या सांता त्रेगा डोंगरावर चढलं, की मिन्यो नदी अटलांटिकला मिळताना दिसते आणि पलीकडच्या काठावर पोर्तुगाल. पाऊस इथे आपल्या कोकणासारखा सतत मनात धरूनच शेती करावी लागते. म्हणून गालिसियात जुन्या मळ्यांत द्राक्षवेली दगडी खांबांवर मांडव घालून चढवलेल्या दिसतात. खालून वारा खेळता राहिला की घड कुजत नाहीत. मांडव हा शब्द मला तिथे शोधावा लागला नाही.

या प्रदेशाची ओळख म्हणजे अल्बारिन्यो हे द्राक्ष, आणि बहुतेक बाटल्यांत ते एकटंच असतं. तेरास गौदात ते सुमारे 70 टक्के. उरलेल्या भागात काइन्यो ब्लांको आणि लोउरेइरो ही आणखी दोन द्राक्षं. माझा जीव या उरलेल्या भागातच आहे. निव्वळ अल्बारिन्यो छान असते, पीच आणि लिंबाच्या सालीची, पण बऱ्याचदा पहिल्या घोटातच सगळं सांगून मोकळी होते. काइन्यो उशिरा पिकतं आणि आम्लाने भक्कम असतं, त्यामुळे घोट गिळल्यावरही जिभेच्या कडा ओल्या राहतात. लोउरेइरोचं नावच मुळी 'लोउरेइरो' म्हणजे लॉरेलच्या झाडावरून आलंय. त्याचंच पान मी शिनाण्यांत टाकलं होतं. (आपलं तमालपत्र दालचिनीच्या जवळच्या झाडाचं, हे वेगळं. पानावर तीन शिरा दिसल्या तर आपलं, मधोमध एकच असेल तर इथलं.) शिनाण्याच्या वाफेतला वास आणि पेल्यातला वास एकमेकांना ओळखतात. मला तरी हे दरवेळी जाणवतं.

पुल्पो आ फेइरा हा ऑक्टोपसचा पदार्थ लाकडी थाळीत येतो. कात्रीने कापलेले तुकडे, जाडं मीठ, पिमेंतोन ही लाल मिरचीपूड, वरून ऑलिव्ह तेलाची सढळ धार. ते तेल आणि चिवट गोडसरपणा ही वाइन असा काही कापते, की पुढचा तुकडा पहिल्यासारखाच लागतो.

आपल्या स्वयंपाकासोबत मात्र डोळे झाकून नेऊ नका. मी तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं केलं होतं, भरपूर सोलं टाकून. त्यासमोर वाइन पाणचट झाली आणि वर मिरची जास्तच झोंबली. दोन आंबट एका घासात नांदत नाहीत. याउलट तिसऱ्यांचं सुकं, ओलं खोबरं जास्त, मिरची हात राखून, सोलं अजिबात नाहीत, असं केलं तर खोबऱ्याच्या गोडीवर हा घोट अगदी सोलांच्या जागी बसतो. लेनग्वादो म्हणजे आपला लेपाच. तो हळद-मीठ लावून रव्यात तळावा, आगळ न लावता. माझ्या घरात या वाइनची सर्वांत चांगली जोडी तीच ठरली.

एका खाणावळीत मला हीच बाटली बर्फात इतकी गारठवून दिली, की अर्धा तास तिला कसलाच वास नव्हता. बर्फाच्या बादलीतून काढून दहा-पंधरा मिनिटं टेबलावर राहू द्या, असं स्वतःच सांगा. मी घेतली तेव्हा दुकानात 15 युरोच्या आसपास पडली. रोजच्यासाठी महाग, पण ताजी मासळी मिळालेल्या दिवशी मला ते पैसे जड जात नाहीत.

उरलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवते. दुसऱ्या दिवशी लोउरेइरोचा वास ओसरतो, काइन्योचा कणखरपणा तसाच असतो. त्यासोबत मी आदल्या दिवशीची ट्यूनाची एम्पानादा, म्हणजे सारण भरून भाजलेली पाई, गारच खाते.