ब्रेनस्मॅश : मेंदूच्या नकाशांची तुलना करणाऱ्यांसाठी भरवशाचे साधन

रत्नागिरीच्या उतारावरील हापूसच्या बागेत शेजारशेजारची कलमे बहुधा एकाच सुमारास मोहरतात, म्हणून शंभर झाडे पाहिली की शंभर स्वतंत्र पुरावे मिळाले, असे कोणी जाणकार म्हणणार नाही. कॉर्टेक्सच्या, म्हणजे मेंदूच्या घड्या पडलेल्या बाहेरील आवरणाच्या, पृष्ठभागावरही लगतच्या जागांची मूल्ये (नकाशात प्रत्येक जागेला दिलेली मोजमापे) एकमेकांसारखी असतात. हे साधर्म्य दुर्लक्षून मूल्ये पत्त्यांसारखी सरसकट पिसली आणि त्यावरून पी-व्हॅल्यू (प्रत्यक्षात संबंध नसताना इतकी जुळणी निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) काढली, तर परस्परांशी संबंध नसलेले दोन नकाशेही जुळलेले भासतात. बर्ट आणि सहकाऱ्यांनी २०२० साली मांडलेले ‘ब्रेनस्मॅश’ हे पायथनमधील मोफत पॅकेज नेमकी हीच चूक टाळते, आणि येथे रत्नागिरीत साध्या लॅपटॉपवर ते वापरताना माझा त्यावरील विश्वास वाढतच गेला आहे.

त्याला दोनच गोष्टी लागतात : नकाशा आणि प्रत्येक दोन जागांमधील अंतरांचा तक्ता. मूल्ये आधी पिसली जातात, मग शेजाऱ्यांची अंतरानुसार भारित सरासरी घेऊन ती कमीअधिक प्रमाणात गुळगुळीत केली जातात, आणि ज्या प्रमाणाला व्हेरिओग्राम (अंतर वाढते तसा मूल्यांमधील फरक कसा बदलतो हे दाखवणारी रेषा) मूळ नकाशाशी सर्वांत जवळचा येतो, ते प्रमाण धरून कृत्रिम नकाशा तयार होतो. असे अनेक नकाशे काढून खरी जुळणी त्यांच्याशी ताडून पाहिली की पी-व्हॅल्यू मिळते. पॅकेजमध्येच मिळणारा तपासणीचा आलेख मला सर्वांत मोलाचा वाटतो. मूळ नकाशाच्या व्हेरिओग्रामच्या बिंदूंवरून कृत्रिम नकाशांची रेषा नीट जात नसेल, तर पुढची पी-व्हॅल्यू पाहूच नये. पृष्ठभागासाठी अंतर सरळ रेषेत न मोजता घड्यांवरून मोजावे, कारण एकाच खाचेचे समोरासमोरचे काठ सरळ रेषेत अगदी जवळ असले तरी पृष्ठभागावरून दूर असतात.

एका गोलार्धाचे १८० भाग केलेला नकाशा असेल, तर काम चटकन उरकते. ३२,४९२ बिंदूंच्या नकाशात मात्र अंतरेच सुमारे १०५ कोटी होतात आणि नुसता तक्ता आठ जीबीच्या पुढे जातो. अशा वेळी ‘सॅम्पल्ड’ हा पर्याय तक्ता डिस्कवरच ठेवून काही निवडक बिंदूंवर काम भागवतो. आषाढात वीज कधी जाईल याचा नेम नसल्यामुळे मी नकाशे थोडेथोडे करून काढतो, दर खेपेला वेगळा सीड (यादृच्छिक पिसणे जिथून सुरू होते तो आकडा) देतो आणि तो नोंदवून ठेवतो.

एक मर्यादा गंभीर आहे. मूल्यांमधील साधर्म्य अंतरागणिक सगळीकडे सारखेच घटते, असे ही पद्धत गृहीत धरते आणि कॉर्टेक्सवर ते नेहमी खरे नसते. मार्केलो व मिसिच यांच्या २०२१ सालच्या तुलनेतही अवकाशीय साधर्म्य जपणाऱ्या पद्धती साध्या पिसण्यापेक्षा सरस ठरल्या, पण चुकीचे होकार (संबंध नसताना जुळणी दाखवणारे निकाल) त्यांच्याकडूनही अपेक्षेपेक्षा जास्तच आले. म्हणून कॉर्टेक्सच्या नकाशांसाठी मी नकाशा गोलावर बसवून व तो गोल फिरवून तुलना करणारी स्पिन टेस्टही सोबत चालवतो आणि दोन्हींचे निकाल देतो. स्पिन टेस्टमध्ये मध्यभिंतीचा (गोलार्धाच्या आतल्या बाजूचा, कॉर्टेक्स नसलेला) रिकामा भाग फिरून कॉर्टेक्सवर येतो आणि तेवढी मूल्ये गमवावी लागतात. ब्रेनस्मॅशमध्ये हा प्रश्न उद्भवत नाही. थॅलॅमससारखे खोलवरचे भाग तर गोलावर बसवताच येत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी मी ब्रेनस्मॅशच निवडतो.