7 महिन्यांच्या लेकीसाठी भाड्याने घेतलेलं ऑक्सिजन मशीन, धंतोली (नागपूर), 4 महिने वापरून

फेब्रुवारीत घेतलं, आता जून लागला म्हणून लिहून राहिली आहे. मशीनला 5 पैकी 5, दुकानाच्या पहिल्या दिवसाला 2, आणि त्यांचे जे टेक्निशियन दादा घरी येतात त्यांना पूर्ण 5. दुकानाचं नाव टाकत नाही, तक्रार आहे पण नंतर त्यांनी नीटही केलं.

आधी मशीन कशाला लागलं ते सांगते कारण हा आजार कोणाला माहीतच नसतो. लेक 3 महिन्यांची असल्यापासून तिचा श्वास फास्ट, गाढ झोपेतसुद्धा मी मोबाईलवर मिनिट लावून मोजायची तर 70, 72. (2 महिने ते 1 वर्षाच्या बाळाचा 50 किंवा वर गेला की फास्ट धरतात.) बरगड्यांखाली खड्डा पडायचा, दूध पिता पिता दमून सोडून द्यायची, वजन वाढेचना. ताप नाही काही नाही पण न्यूमोनिया म्हणून दोनदा अ‍ॅडमिट केलं, मग बाळदमा म्हणून नेब्युलायझर, फरक शून्य. शेवटी लहान मुलांच्या छातीच्या डॉक्टरांनी सीटी काढायला लावला, त्यात उजव्या फुप्फुसाचा मधला भाग आणि डावीकडचा लिंग्युला (डाव्या फुप्फुसाचा तसाच एक भाग), मुख्य तिथेच धुरकट काचेसारखे पट्टे. डॉक्टर म्हणाले हा इंटरस्टिशियल लंग डिसीज (फुप्फुसाच्या आतल्या पातळ पडद्यांचे आजार) मधला एक प्रकार, न्यूरोएंडोक्राइन सेल हायपरप्लाझिया ऑफ इन्फन्सी, सगळे शॉर्टमध्ये नेही म्हणतात. या नावाने तो 2005 मध्ये लिहिला गेला, म्हणजे तसा नवाच. सरफॅक्टंट म्हणजे फुप्फुसातले छोटे फुगे उघडे ठेवणारा पदार्थ, त्याच्या एबीसीए3 आणि बाकी जीन्सची टेस्ट पण केली कारण त्यातले काही आजार फार वाईट असतात, तो रिपोर्ट नॉर्मल येईपर्यंत आमच्या घरात कोणी धड जेवलं नाही.

नेहीमध्ये स्टेरॉइडचा सहसा उपयोग होत नाही. ऑक्सिजन द्यायचा, वजन वाढवायचं, सर्दी-खोकल्यापासून जपायचं, आणि बहुतेक मुलं मोठी होता होता सुधारतात पण त्याला कित्येक महिने, कधी वर्षं लागतात. म्हणजे हे मशीनच आमचं औषध आहे, म्हणून एवढं लिहितेय.

मशीन म्हणजे मिनिटाला 5 लिटरपर्यंत देणारं कॉन्सन्ट्रेटर. यात गॅस भरायचा नसतो, खोलीतलीच हवा ओढतं, आत झिओलाइट नावाचे खनिजाचे दाणे असतात ते नायट्रोजन धरून ठेवतात आणि मशीन 90 टक्क्यांच्या वर ऑक्सिजन बाहेर देतं. भाडं महिन्याला 5 हजार, डिपॉझिट 10 हजार.

आता तक्रार. डॉक्टरांनी चिठ्ठीवर स्पष्ट मिनिटाला पाव लिटर लिहिलं होतं आणि दुकानाने जे मशीन पाठवलं त्याच्या काट्यावर पहिली रेघच अर्ध्या लिटरची, सोबत मोठ्या माणसाची कॅन्युला (नाकात लावायची नळी), जिची टोकं माझ्या लेकीच्या नाकपुडीत जाणारच नाहीत. फोन केला तर म्हणे ताई अंदाजाने थोडं कमी ठेवा. अंदाजाने? 7 महिन्यांच्या लेकराला? आम्ही ती रात्र हॉस्पिटलमध्येच काढली. दुसऱ्या दिवशी टेक्निशियन दादा स्वतः लो फ्लो मीटर (अर्ध्या लिटरपेक्षा कमी मोजणारा काटा) आणि इन्फंट कॅन्युला घेऊन आले, बसवून दिलं, आणि वाटीत पाणी घेऊन कॅन्युलाची टोकं बुडवून बुडबुडे दाखवले, की वहिनी कधीही शंका आली तर असं बघायचं, बुडबुडे नाही म्हणजे कुठेतरी पाइप दबलाय किंवा मशीनला लावलेल्या पाण्याच्या बॉटलचं झाकण तिरपं बसलंय. हे मला हॉस्पिटलमध्ये पण कोणी शिकवलं नव्हतं. एप्रिलमध्ये रात्री 2 ला खरंच ऑक्सिमीटर SpO₂ (रक्तातला ऑक्सिजन) 86 टक्के दाखवायला लागला, वाटीत बघितलं तर बुडबुडे नाहीत, पाइप पलंगाच्या पायाखाली आला होता. सोडवला आणि 5 मिनिटात 95.

ऑक्सिमीटर पण बोटाला लावायचा साधा घेऊ नका, लहान बाळाला तो नीट धरत नाही, पायाला गुंडाळायचा प्रोब वेगळा मिळतो तोच मागा.

नागपूरचा मे तुम्हाला माहीतच आहे, 45 च्या वर. मशीन स्वतः पण गरम हवा फेकतं, आम्ही बेडरूममध्ये ठेवलं होतं तर खोलीची भट्टी झाली. मग दादांनी सांगितलं म्हणून पॅसेजमध्ये ठेवलं, भिंतीपासून हातभर लांब, आणि लांब पाइप आत घेतला. कूलरच्या समोर मात्र ठेवू नका, ओली हवा ओढतं. मागची जाळी दर रविवारी धुते, पहिल्यांदा काढली तेव्हा करड्या लोकरीसारखा थर निघाला होता, आणि पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवायची नाही.

लाईन गेली की मशीन जोरात बोंबलतं, ते चांगलंच आहे. आमचं इन्व्हर्टर मशीन धरून जेमतेम तासभर चालतं म्हणून छोटा सिलिंडर नेहमी भरलेला ठेवतो, त्याला पण वेगळा लो फ्लो मीटर लागतो, हे विचारून घ्या. देवघर आमचं लेक झोपते त्याच खोलीत होतं, सासूबाईंनी काही न बोलता देव समोरच्या खोलीत हलवले, कारण ऑक्सिजनजवळ दिवा, उदबत्ती काही चालत नाही.

लेक आता 11 महिन्यांची, पावणेसात किलो, दिवसा दोन-दोन तास डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मशीनशिवाय राहते आणि गालावरची टेप स्वतःच ओढून काढायला शिकली आहे. रात्री लागतंच, त्यामुळे मशीन अजून परत करत नाही आहोत.

घेणार असाल तर पावतीवर मशीनसोबत लो फ्लो मीटरचं डिपॉझिट वेगळं लिहून घ्या, आमच्या पावतीवर ते लिहिलंच नव्हतं आणि नंतर दोनदा जाऊन लिहून आणावं लागलं.