पहिलं वाद्य: मँडोलिन, गिटार की पेटी?

नाशकात वाद्य शिकायचं ठरलं की पहिली चौकशी किमतीची आणि क्लासच्या वेळेची होते. त्याआधी एक गोष्ट स्वतःशी ठरवा. तुम्हाला गायचं आहे आणि गाण्याला साथ हवी आहे, की गायचं नाही, चाल वाद्यावरच वाजवायची आहे? गायचं असेल तर पेटी किंवा गिटार घ्या, मँडोलिनच्या वाटेला जाऊ नका. चाल वाजवायची असेल, तर मँडोलिनइतकं सोयीचं पहिलं वाद्य मला दुसरं दिसत नाही. गाणं मनात पक्कं बसलेलं असतं, पण चारचौघांत गळा उघडायची हिंमत होत नाही, असे पुष्कळ लोक असतात. त्यांना सहसा कुणी मँडोलिन सुचवत नाही, म्हणून या आठ तारांच्या छोट्या वाद्याबद्दल मी इथे जरा जास्त बोलणार आहे.

नाशकात सर्वांत सहज शिकता येते ती पेटी. विष्णु दिगंबर पलुस्करांनी उत्तरायुष्यात आश्रम काढला तो याच गावात, आणि पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्या जातात ते त्र्यंबकेश्वर इथून तासाभराच्या आत. अशा गावात गाण्याचा क्लास आणि भजनी मंडळ शोधावं लागत नाही, ते आपल्याच गल्लीत निघतं. पेटीचा मोठा गुण म्हणजे सूर तयार मिळतो. पट्टी दाबली, भाता हलवला, की गंधार (ग) लागला. रोज जुळवायची कटकट नाही. परीक्षा द्यायच्या असतील तर गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक ते विशारद ही वाट ठरलेली आहे, घरातल्या मुलांना त्याचा उपयोगही होतो.

पेटीवर चाल वाजत नाही का? वाजते. गोविंदराव टेंब्यांपासून एकल पेटीची मोठी परंपरा आपल्याकडे आहे. पण नवशिक्याच्या बाबतीत होतं असं की पेटी लवकरच गळ्याच्या मागे जाते. शिकवणारे तुम्हाला गायलाच लावतात, आणि ते बरोबरही आहे. शिवाय दोन सुरांच्या मधली जागा पेटीवर नाही, त्यामुळे मींड, म्हणजे एका सुरातून दुसऱ्या सुरात अखंड वाहत जाणं, येत नाही. चांगल्या रीडची पेटी या तिघांत महाग पडते आणि ती उचलून कुठे न्यायची म्हणजे एक काम होऊन बसतं.

गिटारचं आकर्षण वेगळं. कॉलेज रोड, गंगापूर रोडकडे शिकवणारे आहेत, दुकानात गिटारी ओळीने टांगलेल्या असतात, बरोबर वाजवायला मित्र मिळतात. जी, सी, डी आणि ई मायनर या चार कॉर्ड (एकदम वाजवायचे सुरांचे गुच्छ) बसल्या की बरीच गाणी म्हणता येतात. ‘म्हणता येतात’ हे महत्त्वाचं, कारण चाल तुमच्या गळ्यातून येते आणि गिटार तिला खाली सतरंजी अंथरते. गळा बंद ठेवला तर नुसत्या कॉर्डवरून ऐकणाऱ्याला गाणं ओळखू येईलच असं नाही. पुढे एफची बार कॉर्ड येते, एका बोटाने सगळ्या तारा दाबायची, आणि तिथे अनेकांची गिटार कपाटावर जाते. ती अडचण सरावाने सुटते, तिला घाबरू नका. नायलॉन तारांची गिटार घेतली तर बोटांना त्रासही कमी.

गिटारवर चाल काढायची म्हटली तर मात्र नवशिक्याला एक अडथळा आहे. एका तारेला सा मानलं तर पुढची तार मध्यमाची (म) येते, पण जी आणि बी या दोन तारांमध्ये तेच अंतर गंधाराचं होतं. म्हणजे एका जोडीवर बसवलेली बोटं दुसऱ्या जोडीवर जशीच्या तशी चालत नाहीत.

मँडोलिनवर ही गाठच नाही. तारा आठ, पण चार जोड्यांत, आणि जोडीतल्या दोन्ही तारा एकाच सुराच्या. जाडीकडून बारकीकडे जी, डी, ए, ई. प्रत्येक पुढची जोडी ही मागच्या जोडीचा पंचम (प). आता जी तारेला सा माना. मोकळी तार सा, दुसऱ्या फ्रेटवर (वाद्याच्या मानेवरच्या आडव्या पडद्यावर) रे, चौथ्यावर ग, पाचव्यावर म. पुढची जोडी मोकळी छेडली की प, मग पुन्हा दुसऱ्यावर ध, चौथ्यावर नी, पाचव्यावर वरचा सा. बिलावल रागाचं अख्खं सप्तक दोन जोड्यांवर बसलं, आणि दोन्हीकडे तर्जनी, मधलं बोट, अनामिका त्याच जागी. तीव्र मध्यम हवा तर पाचव्याऐवजी सहावा फ्रेट, की यमनचे सूर तयार. दुर्गा राग तर पाहण्यासारखा आहे: मोकळी, दोन, पाच आणि पुढच्या जोडीवर पुन्हा मोकळी, दोन, पाच. बोटं जे करतात तेच डोळ्यांना दिसतं आणि कानाला ऐकू येतं. संगीताचं काहीच न शिकलेल्या माणसाला सप्तकाचे दोन सारखे भाग इतक्या उघडपणे दाखवणारं दुसरं पडद्यांचं वाद्य मला ठाऊक नाही.

घरात कुणी गाणारं असेल तर आणखी एक सोय आहे. मोकळ्या तारांवरून सा धरला तर पांढरी पाच, पांढरी दोन आणि पांढरी सहा या, पेटीच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांवरून ओळखल्या जाणाऱ्या, गायच्या पट्ट्या मिळतात. पहिल्या फ्रेटवर अरुंद मानेला बसणारा कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावला की त्याच तारा काळी चार, काळी दोन आणि काळी पाच होतात. आई काळी चारमध्ये अभंग म्हणत असेल तर नवं काही शिकावं लागत नाही, कॅपो लावायचा आणि तीच बोटं चालवायची. गिटारलाही कॅपो लागतो, पण तिथे तो कॉर्डसाठी लावायचा. इथे तुम्ही गाणाऱ्याच्या मागोमाग चालच वाजवत असता.

हिंदी चित्रपटसंगीतात मँडोलिनला मानाची जागा होती. संगीतकार सज्जाद हुसेन स्वतः मोठे मँडोलिनवादक होते, आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले आपले लक्ष्मीकांत कुडाळकर संगीतकार होण्याआधी मँडोलिन वाजवत. जुन्या गाण्यांमधल्या थरथरत्या तारांच्या जागा एकदा कानाला लागल्या की पुढे कुठेही ओळखू येतात.

त्रास कुठे आहे तेही ऐका. पहिला बोटांचा. पोलादी तारा, त्याही दोन-दोन एकदम दाबायच्या. सुरुवातीचे आठवडे बोटांची टोकं हुळहुळतात. लाइट गेजच्या तारा घ्या, म्हणजे सर्वांत बारीक तार ०.०१० इंचाची, आणि बोट फ्रेटच्या अगदी मागे टेकवा, दोन फ्रेटच्या मधोमध नको. निम्मा जोर कमी लागतो. दुसरा त्रास जुळवण्याचा. आठ तारा, आणि जोडीतली एक तार जराशी जरी उतरली तरी सगळं बेसूर वाटतं. मानेला चिकटणारा, सूर दाखवणारा ट्यूनर पहिल्या दिवसापासून हवा. तिसरा, आणि खरा, उजव्या हाताचा. मँडोलिनचा सूर पटकन विरतो. तो धरून ठेवायचा तर पिक (तार छेडायची चकती) खाली-वर भराभर फिरवावं लागतं, मनगट सैल ठेवून. हे महिनोन्‌महिने घोटावं लागतं. पातळ पिक नको, एक मिलिमीटर किंवा त्याहून जाड घ्या.

मींडही इथे जड जाते, कारण जोडतारा खेचल्या जात नाहीत. यू. श्रीनिवास यांनी कर्नाटक संगीतासाठी इलेक्ट्रिक मँडोलिन घेऊन त्यावर जोड्यांऐवजी पाच सुट्या तारा लावल्या, त्यामागे हीच गरज होती. ख्यालाची आलापी हे तुमचं स्वप्न असेल तर हे ध्यानात ठेवा. भावगीत, अभंग, चित्रपटगीत यांना घसीट (दाबलेलं बोट तारेवरून सरकवणं) आणि थरथर पुरते.

नाशकात मँडोलिनची सगळ्यांत मोठी उणीव म्हणजे गुरू. गिटारला जसा कुठल्याही भागात क्लास मिळतो तसा मिळेल असं धरून चालू नका. यावर एक चांगली वाट आहे. पाश्चात्त्य व्हायोलिनच्या तारा हुबेहूब याच सुरांच्या असतात, जी-डी-ए-ई, आणि डाव्या हाताची बोटंही जवळजवळ त्याच क्रमाने पडतात. तेव्हा पाश्चात्त्य पद्धतीने व्हायोलिन शिकवणाऱ्यांकडे जा, डावा हात त्यांच्याकडून घ्या. उजवा हात व्हिडिओ पाहून, शक्य असेल तर अधूनमधून पुण्या-मुंबईच्या वादकाकडून ऑनलाइन तपासून घ्या. हिंदुस्थानी व्हायोलिनवाले तारा वेगळ्या लावतात, त्यामुळे आधी विचारून घ्या. शिस्तीसाठी समोर माणूस लागतोच, अशी तुमची प्रकृती असेल तर मात्र मी मँडोलिनचा आग्रह धरणार नाही. ज्याचे शिक्षक चालत जाण्याच्या अंतरावर आहेत ते वाद्य घ्या.

लहानग्यांसाठी युकुलेले विचारलं जातं. तारा मऊ, गंमत लगेच येते, पण खालचे सूर नसल्याने चालीला आवाका कमी पडतो. दहा-बारा वर्षांच्या पुढे मँडोलिन हाताला सहज बसतं, कारण तारेची वाजती लांबी जेमतेम पस्तीस सेंटिमीटर, गिटारच्या निम्म्याच्या आसपास. पंचवटी एक्स्प्रेसच्या रॅकवरही ते आडवं मावतं.

खर्चाच्या बाबतीत साधी गिटार सर्वांत स्वस्त, मँडोलिन तिच्याहून थोडं वर. अगदी खेळण्याच्या भावातलं मँडोलिन घेऊ नका, ते सुरात राहत नाही आणि नवशिक्याला वाटतं आपलाच हात चुकतोय. दुकानात मोकळी तार छेडा, मग तीच तार बाराव्या फ्रेटवर दाबून छेडा. ट्यूनरवर दोन्ही वेळी तेच अक्षर आणि काटा मधोमध यायला हवा. येत नसेल तर लगेच नाकारू नका. मँडोलिनची घोडी (तारांना खालून आधार देणारी पट्टी) चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावरच उभी असते, आणि वाहतुकीत सरकते. दुकानदाराला ती थोडी पुढे-मागे करून पुन्हा तपासायला सांगा. चारही जोड्या जुळल्या नाहीत तर दुसरं वाद्य बघा. याच कारणाने घरी तारा बदलताना सगळ्या एकदम काढू नका, एकेक काढून एकेक लावा, नाहीतर घोडी निसटते आणि तिची जागा पुन्हा शोधत बसावं लागतं.

पावसाळ्यात तारा गंजतात. वाजवून झालं की कोरड्या फडक्याने तारांच्या खालूनही पुसा आणि वाद्य त्याच्या केसमध्ये ठेवा. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात ते बंद गाडीत सोडू नका, मान वाकते. पेटीच्या भात्याची किंवा गिटारची काळजीही याहून फार वेगळी नाही, तेव्हा देखभालीवरून निवड करू नका. दुकानात जाऊन तिन्ही वाद्यं हातात घ्या आणि मनातल्या गाण्याची पहिली ओळ काढायचा प्रयत्न करा. कशावर हात पुन्हा-पुन्हा जातोय, ते बघून पैसे द्या.